मलिद्याचे ताट, कीर्तनाची वही आणि कानबाईचा रोट

जळगाव जिल्ह्यातल्या केळी बागायतदाराला इस्राएल माहीत आहे ते ठिबकमुळे. रावेर, यावल, चोपड्याच्या शिवारात खोडापाशी थेंब थेंब पाणी सोडणारी काळी नळी आता इतकी नेहमीची झाली आहे की तिच्याकडे कुणाचे लक्षही जात नाही. बेरशेबा शहराजवळच्या हात्झेरिम या किबुत्झमध्ये, म्हणजे सामुदायिक वसाहतीत, १९६५ साली नेटाफिम कंपनी सुरू झाली आणि तिथून ठिबक जगभर गेले. पुढे जळगावच्या जैन इरिगेशनने २००७ साली नानदान या इस्राएली कंपनीत निम्मा वाटा घेतला आणि २०१२ साली ती पूर्णच विकत घेतली. नानदानच्या नावातले नान हेही एक किबुत्झ आहे, रेहोवोत आणि रामला या शहरांच्या शेजारचे.

बेरशेबा आणि रामला. ठिबकच्या निमित्ताने इस्राएलला जाऊन आलेली माणसे आपल्याकडे पुष्कळ आहेत. पण ज्या किबुत्झमध्ये आपण नळ्या आणि तोट्या पाहत होतो, तिथून थोड्या अंतरावर मराठी बोलणारी म्हातारी माणसे राहतात, घरात पोहे-नारळाचा मलिदा करतात, नावापुढे पेणकर, रोहेकर, दिवेकर लावतात, हे त्यातल्या फार थोड्यांच्या कानावर आले असेल. भारताच्या परराष्ट्र खात्याच्या अंदाजानुसार इस्राएलमध्ये भारतीय वंशाचे सुमारे ८५ हजार ज्यू आहेत. त्यातले बहुसंख्य महाराष्ट्रातून गेलेले बेने इस्राएल. रामला, लोद, अश्दोद, बेरशेबा, दिमोना ही त्यांची मुख्य गावे.

हा लेख त्या घरांविषयी आहे, आणि तो खान्देशात बसून लिहिण्याला कारण आहे. धुळे-जळगावच्या घरांतून गेल्या दोन पिढ्यांत मुले पुण्याला गेली, सुरतेला गेली, बंगळुरूला गेली आणि तिथून पुढे अमेरिका, जर्मनी, ऑस्ट्रेलियाला. नातवंडे तिकडे जन्मली. आपले काय त्यांच्यापर्यंत पोहोचेल आणि काय वाटेत राहील, हा प्रश्न इथल्या प्रत्येक वाड्या-बंगल्यात आहे. बेने इस्राएलांनी या प्रश्नाबरोबर सत्तर वर्षे काढली आहेत. त्यांचे काही टिकले, काही हातातून गेले. काय टिकले आणि काय गेले, हे नीट पाहिले तर त्यामागचे कारण दिसते, आणि ते आपल्या फार उपयोगाचे आहे.

त्यांची मूळ कथा अलिबागजवळच्या नवगावला सुरू होते. परंपरा सांगते की फार पूर्वी एक जहाज तिथल्या किनाऱ्यावर फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, बाकीच्यांना तिथेच पुरले. नवगावची ती दफनभूमी आजही दाखवतात, तिथे स्मारकही आहे. वाचलेल्यांचे वंशज कुलाबा जिल्ह्याच्या, म्हणजे आजच्या रायगडच्या, गावागावांत पांगले, तेलाचा घाणा चालवू लागले. शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. धर्मग्रंथ हाताशी नव्हते, हिब्रू विसरली होती. शनिवारची विश्रांती, सुंता, खवल्यांशिवायचा मासा न खाणे आणि शमा ही एक प्रार्थना, एवढे मात्र त्यांनी सोडले नाही. गावावरून आडनाव घेण्याची कोकणची रीत त्यांनी उचलली: किहीमचे किहीमकर, चौलचे चेऊलकर, दिवे आगरचे दिवेकर, अष्टमीचे अष्टमकर, तळ्याचे तळकर. पाटील, महाजन, चौधरी, सोनवणे या आपल्या खान्देशी आडनावांत गाव सापडत नाही. त्यांच्या आडनावात मात्र गाव चिकटून गेले, आणि तेच पुढे समुद्रापार गेले.

हाईम सॅम्युअल किहीमकर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपल्या समाजाचा इतिहास लिहिला. तो छापून आला १९३७ साली, तेल अवीवमध्ये. त्यात सणांची जुनी घरगुती नावे नोंदवली आहेत. ज्यू नववर्षाला नव्याचा सण म्हणत. त्यानंतर लगेच खिरीचा सण. योम किप्पूर हा उपासाचा मोठा दिवस म्हणजे दारफाळणीचा सण, कारण त्या दिवशी दारे लावून घरात बसायचे. पुरीम या ज्यू सणाला होळीचा सण म्हणत. जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाच्या स्मरणाचा उपास म्हणजे बिरड्याचा रोजा, कारण तो सोडताना वालाचे बिरडे असे. एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या दिवसाला उरूस म्हणत. सण, रोजा, उरूस: कोकणात शेजाऱ्यांकडून जे शब्द मिळाले ते त्यांनी आपल्या देवाच्या कामाला लावले.

पुढे हिब्रू परत आली, तीही मराठीतून. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ साली हिब्रूचे व्याकरण मराठीत तयार केले. मिशनऱ्यांचा हेतू धर्मांतराचा होता. बेने इस्राएलांनी त्यांच्याकडून भाषा शिकून घेतली आणि धर्म आपलाच ठेवला. जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. वल्हांडण या ज्यू सणाच्या रात्री वाचायची हग्गादा मराठी भाषांतरासह मुंबईत १८४६ साली शिळाप्रेसवर छापली गेली आणि पुण्यात १८७४ साली. पुण्याच्या हग्गादेत बेखमीर भाकरी करणाऱ्या बायकांचे चित्र आहे, आणि त्या साड्या नेसलेल्या आहेत. मिसरच्या गुलामगिरीतून सुटल्याची गोष्ट, आणि ती सांगणाऱ्या पुस्तकात पुण्या-मुंबईचे स्वयंपाकघर!

१८८० साली मुंबईत याच समाजाच्या तरुणांनी कीर्तनोत्तेजक मंडळ काढले. बेंजामिन शिमशोन अष्टमकर आणि डेव्हिड हाईम दिवेकर ही त्यामागची नावे. हरिदासाचे कीर्तन ऐकून त्यांना वाटले की आपल्या लोकांना, विशेषतः अक्षरओळख नसलेल्यांना, आब्राहाम, योसेफ, मोशे यांच्या कथा अशाच सांगाव्यात. मग साकी, दिंडी, ओवी, आर्या या वृत्तांत बायबलमधली आख्याने बांधली गेली, पुस्तिका छापल्या गेल्या, घरोघर आणि सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यू प्रार्थनामंदिरात, कीर्तने झाली. मराठी कीर्तनपरंपरेचा इतिहास सांगताना हे पान आपण वगळतो, याचे मला वाईट वाटते. ते पान मराठीचेच आहे.

या समाजाने महाराष्ट्राला काय दिले याची यादी मोठी आहे आणि मी ती इथे देणार नाही. मुंबईचे महापौर डॉ. एलिजा मोझेस, स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. जेरुशा झिराड, कवी निस्सिम इझिकेल, ‘बूट पॉलिश’मधला डेव्हिड, एवढी नावे पुरेत.

ते इस्राएलला का गेले, हा प्रश्न मात्र टाळता येत नाही. भारतात त्यांचा छळ झाला नाही, हे ते स्वतः अभिमानाने सांगतात. रोजच्या प्रार्थनेत जेरुसलेमचे नाव होते, १९४८ साली तिथे देश उभा राहिला, आणि ओढ लागली. रेल्वे, टपाल, पोलीस, सैन्य यांत नोकऱ्या करणारी मध्यमवर्गीय माणसे होती ती. स्वातंत्र्यानंतर नोकऱ्यांचे काय होईल ही काळजीही होती. स्वातंत्र्याच्या सुमारास वीस हजारांच्या आसपास असलेल्या समाजातले बहुतेक जण पन्नास आणि साठच्या दशकांत बोटीने, विमानाने निघून गेले.

तिकडे त्यांच्या वाट्याला वाळवंट आले, आणि अपमानही. रंगावरून, कामावरून भेदभाव होतो अशी तक्रार घेऊन काही कुटुंबांनी १९५१-५२ साली तेल अवीवमध्ये धरणे धरले आणि आम्हाला भारतात परत पाठवा अशी मागणी केली. काहींना खरोखर परत आणले गेले. त्यातले बरेच नंतर पुन्हा इस्राएलला गेले. याहून खोल घाव १९६२ साली बसला. तिथल्या मुख्य धर्मपीठाने आदेश काढला की बेने इस्राएल माणसाचे लग्न इतर ज्यूशी लावताना त्याच्या आईकडच्या पिढ्या तपासाव्यात. ज्यांनी ग्रंथ नसताना शेकडो वर्षे शनिवार पाळला त्यांना सांगण्यात आले की तुम्ही ज्यू आहात याचा पुरावा द्या. लोक रस्त्यावर उतरले. १९६४च्या उन्हाळ्यात देशभरातून बेने इस्राएल कुटुंबे जेरुसलेममध्ये जमली, मुलाबाळांसह दिवसचे दिवस बसून राहिली. १७ ऑगस्ट १९६४ रोजी इस्राएलच्या संसदेने ठराव केला की बेने इस्राएल सर्वार्थाने ज्यू आहेत. त्यानंतर धर्मपीठालाही आपल्या आदेशातून त्यांचे नाव काढावे लागले.

हा इतिहास इथे सांगितला तो एका कारणासाठी. ज्यांच्या धर्माबद्दलच शंका घेतली गेली, त्यांना आपले मराठीपण लपवण्याची किती कारणे होती! साडी टाकावी, मराठी बोलू नये, पोहे-नारळ विसरावा, मुलांना पूर्ण इस्राएली करावे, हा सोपा मार्ग होता. काहींनी तो धरलाही असेल; कुणी त्यांना दोष देऊ नये. पण समाज म्हणून त्यांनी तसे केले नाही. भारत ही मातृभूमी आणि इस्राएल ही पितृभूमी, असे ते म्हणत आले आहेत.

आता मलिद्याविषयी. आपल्याकडे दर्ग्याच्या उरुसाला मलिदा असतो तो पोळीचा कुस्करा आणि गूळ. बेने इस्राएलांचा मलिदा पोह्यांचा. भिजवलेले पोहे, ओला नारळ, साखर किंवा गूळ, वेलची, सुकामेवा असे एकत्र करून ताटात त्याचा ढीग रचतात आणि भोवती फळे मांडतात. सब्ज्याची डहाळी किंवा गुलाब ठेवतात. घरातली आणि शेजारची माणसे भोवती बसतात, एलियाहू हन्नाबीचे हिब्रू गीत गातात, हिब्रू आशीर्वाद म्हणतात, आणि मग एकेक जिन्नस वाटला जातो. साखरपुडा ठरला की मलिदा, लग्नाआधी मलिदा, नवे घर घेतले, आजारातून उठले, नवस फेडायचा आहे, प्रवासाहून सुखरूप आलो, की मलिदा.

आशीर्वादांना क्रम आहे. झाडाच्या फळाचा वेगळा, जमिनीतून येणाऱ्या फळाचा वेगळा, सुगंधाचा वेगळा. यातली एक गोष्ट जळगावच्या वाचकाला विशेष आवडेल. खजूर, सफरचंद ही झाडाची फळे. केळे मात्र ज्यू धर्मशास्त्र झाडाचे फळ मानत नाही, कारण घड आला की ते खोड संपते. म्हणून केळ्यावर जमिनीच्या फळाचा आशीर्वाद म्हणतात. रावेरच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागणार नाही. घड उतरला की खोड आडवे करायचे आणि पिलबाग धरायची, हे त्याचे रोजचेच आहे. जुन्या धर्मपंडितांनी केळीकडे शेतकऱ्याच्या नजरेने पाहिले होते, एवढे नक्की.

कोकणात या मलिद्याची एक जागाही आहे. अलिबाग तालुक्यात खंडाळ्याजवळ सागाव इथे एका खडकावर खुणा आहेत. एलियाहू हन्नाबी रथातून स्वर्गात गेला तेव्हाच्या घोड्यांच्या टापा आणि चाकांचे ते ठसे आहेत, अशी श्रद्धा. तिथे जाऊन नवस बोलायचा आणि मलिद्याने फेडायचा. इस्राएलला गेलेल्या लोकांपुढे प्रश्न होता की सागावचा खडक कुठून आणायचा. त्यांनी हैफा शहरात कार्मेल डोंगराच्या पायथ्याशी असलेली एलियाहूची गुहा जवळ केली. ती इतर ज्यूंचीही यात्रेची जागा आहे. कोकणातला नवस तिथे फेडला जाऊ लागला. पोहे दुकानात मिळू लागले, नारळही. ज्या देशात पोरापोरींना सैन्यात जावे लागते तिथे आयांना नवसाची कारणे कमी पडत नाहीत.

मलिदा नातवंडांपर्यंत पोहोचला, कारण तो देखावा नव्हता. घरात काही घडले की तो करावाच लागतो. न केला तर देवाचे देणे राहते. वर्षातून एकदा सभागृहात मांडून फोटो काढायची ती वस्तू नाही. मुलाला पोहे भिजवायचे काम असते, मुलीला फळे मांडायचे, आजोबांना आशीर्वाद म्हणायचे. दुसरे कारणही तितकेच मोलाचे. मलिद्याला मराठी यावी लागत नाही. चव कोकणची, शब्द हिब्रू. तिकडे जन्मलेल्या मुलाला ते शब्द शाळेत, सिनेगॉगमध्ये रोज भेटतात.

मेंदीचेही तसेच. लग्नाआधीची मेंदी बेने इस्राएलांनी भारतातून नेली. तिकडे येमेन आणि मोरोक्कोहून आलेल्या ज्यूंकडेही लग्नाआधी हिना लावण्याची मोठी रीत आहे. शेजारच्या घरात तोच समारंभ वेगळ्या गाण्यांनी चालतो, त्यामुळे मराठी मेंदीला तिथे परकेपण आले नाही. काळे मणी, हिरव्या बांगड्या, जरीची साडी या एका रात्री कपाटातून बाहेर येतात आणि मित्रमंडळी कौतुकाने येतात. परमुलखात आपली चाल टिकवायची तर शेजाऱ्याच्या कुठल्या चालीशी तिचे जमते हे पाहणे शहाणपणाचे, आणि ते या बायकांनी कुणी न शिकवता केले.

स्वयंपाकघराला फार काही सांगावे लागले नाही. ज्यू आहारनियमांत मांस आणि दूध एकत्र चालत नाही. कोकणातल्या नारळाच्या दुधाने तो प्रश्न केव्हाच सोडवला होता. नव्या वर्षाला गव्हाचा चीक काढून नारळाच्या दुधात केलेला हलवा, तांदळाची सांदणे, सब्बाथ म्हणजे शनिवारची विश्रांती सुरू होते त्या रात्री द्राक्षमद्याऐवजी काळ्या मनुकांचे सरबत: हे सगळे धर्माच्या आत बसलेले पदार्थ. चिकाचा हलवा तासन्‌तास ढवळावा लागतो, एकट्याने होत नाही. म्हणून त्या दिवशी सुना-लेकी एकत्र येतात. रामला आणि दिमोनातल्या भारतीय दुकानांत मसाले, लोणची, शेव-चिवडा मिळतो, आणि तिथे इतर इस्राएलीही रांगेत असतात. पोरांनी क्रिकेट नेले. बेरशेबा, दिमोना, अश्दोदच्या संघांत बेने इस्राएल मुले खेळली आणि इस्राएलमध्ये तो खेळ मोठ्या प्रमाणात त्यांच्यामुळेच उभा राहिला.

आणि मराठी? इथे मन जड होते.

प्रयत्न झाले नाहीत असे नाही. फार मोठे झाले. १९८०च्या दशकात इस्राएलमध्ये ‘मायबोली’ नावाचे मराठी त्रैमासिक सुरू झाले. तिकडच्या भारतीय ज्यूंच्या मध्यवर्ती संघटनेचे नोआ मस्सिल यांनी ते पुढे वर्षानुवर्षे चालवले. कविता, आठवणी, पाककृती, जन्ममृत्यूच्या बातम्या, सगळे देवनागरीत. २०१७ साली पंतप्रधान मोदी तेल अवीवला गेले तेव्हा त्यांनी भाषणात या त्रैमासिकाचा उल्लेख केला. ज्यांनी कुलाब्यातल्या किंवा मुंबईतल्या शाळेत मराठी धुळाक्षरे गिरवली होती त्यांच्यासाठी हे नियतकालिक म्हणजे घरच होते. पण त्यांची मुले हिब्रू शाळेत गेली. नातवंडे मराठी थोडीफार समजतात, आजीला उत्तर हिब्रूत देतात. देवनागरी वाचणारा तिसऱ्या पिढीत क्वचितच. आपल्या परराष्ट्र खात्याचेही निरीक्षण हेच आहे की जुन्या पिढीने भारतीय राहणी जपली, तरुण पिढी इस्राएली समाजात मिसळून जात आहे.

कीर्तनाचेही तेच झाले. अष्टमकर-दिवेकरांची ती परंपरा इस्राएलला गेली आणि तिथे प्रामुख्याने बायकांनी ती उचलून धरली. गटागटाने जमायचे, वहीत उतरवलेली पदे गायची. अमेरिकन संगीत-अभ्यासक ॲना शुल्ट्झ यांनी या गाणाऱ्या बायकांवर मन लावून काम केले आहे, त्यांच्या वह्यांवर, चालींवर. पण कीर्तन म्हणजे शब्द. योसेफाला भावांनी खड्ड्यात टाकले हे साकीत ऐकून डोळे भरायचे असतील तर साकीची मराठी कळायला हवी. गाणाऱ्या आज्या आहेत तोवर ते आहे. मलिदा आणि कीर्तन एकाच घरातून, एकाच बोटीतून गेले. मलिदा पणतवंडांच्या ताटात आहे आणि कीर्तनाच्या वह्या कपाटात.

मला त्यांच्या अनुभवातून उमगलेली गोष्ट हीच. परदेशी गेलेल्या घरात जे विधीच्या आत असते ते राहते. जे विधीच्या बाहेर, केवळ आठवणीवर उभे असते ते तिसऱ्या पिढीला गळते. भाषा विधीच्या बाहेर राहिली, म्हणून ती गेली. हिब्रू आशीर्वादाच्या जोडीला मलिद्याच्या ताटाभोवती एखादे मराठी पद म्हणण्याचा दंडक पडला असता तर निदान ते एक पद आज रामल्याच्या पोरांना पाठ असते. अर्थ विचारून त्यांनी तो लावूनही घेतला असता. हे दोष देण्यासाठी म्हणत नाही. ज्यांना आपले ज्यूपण सिद्ध करावे लागत होते त्यांनी प्रार्थनेत मराठी आणावी अशी अपेक्षा करणे क्रूरपणा ठरेल. पण आपल्यावर तसली कुठलीच सक्ती नाही.

आपण म्हणजे खान्देशी. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आपल्याकडे कानबाई बसते. नारळाला डोळे, नथ लावून, साडी नेसवून सजवलेली देवी, रात्रभर जागरण, सोमवारी सकाळी फुगड्या घालत नदीवर विसर्जन. रोट हा देवीचा प्रसाद; त्याचे धान्य घरातल्या पुरुषांच्या संख्येवरून सव्वा मुठीच्या मापाने घेतात. पाळण्यातले पोर असले तरी त्याचे माप पडते. रोट खायचा तो भाऊबंदकीने एकत्र. म्हणून पुण्याला नोकरी करणारा मुलगा एरवी दिवाळीला येणार नाही, पण रोटाला शिरपूर, साक्री, अमळनेर, पारोळा गाठतो. सुरतेच्या उधना-लिंबायत भागात खान्देशी कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत आणि तिथेही कानबाई बसते, मिरवते. बेने इस्राएलांचा मलिदा आणि आपला रोट यांत देव वेगळा, धान्य वेगळे. पण घरातल्यांचा त्यात वाटा ठरलेला आहे आणि चुकवला तर मन खाते, हे सारखेच. न्यू जर्सीतल्या किंवा म्युनिकमधल्या खान्देशी घरातही रोट पुढची पन्नास वर्षे होईल, असे मला वाटते.

जागरणाच्या गाण्यांचे मात्र खरे नाही. ती अहिराणीत आहेत. २०११च्या जनगणनेत खान्देशी या नावाखाली, अहिराणी धरून, सुमारे १८ लाख ६० हजार लोकांनी आपली मातृभाषा नोंदवली. आकडा लहान नाही. पण धुळ्यातल्याच इंग्रजी शाळेतल्या मुलाला घरात प्रमाण मराठी बोलायला लावतात, मग सातासमुद्रापलीकडच्याला कुठून येणार? आखाजीला माहेरी आलेल्या लेकींची झोक्यावरची गाणी, भुलाबाईची गाणी, कानबाईची गाणी: येणाऱ्या बायका आहेत, पण त्या साठी-सत्तरीच्या आहेत. आता मंडपात गाणी मोबाइलला स्पीकर जोडून वाजतात. रामल्यात कीर्तनाचे जे झाले ते इथे, परदेशी न जाताच, होऊ घातले आहे.

आपल्याच मातीत याचे उत्तर आहे. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. जात्यावर, शेतात त्या लेवा बोलीत रचत गेल्या. मुलगा सोपानदेव आणि त्याचा मावसभाऊ पितांबर यांनी ती गाणी वहीत उतरवली; १९५१ साली बहिणाबाई गेल्या, १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघाले. घरातल्या दोघांनी वही केली नसती तर आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव नसते. धुळ्यात तर जुने कागद वाचवण्याचे व्रतच घेतलेला माणूस राहून गेला. वि. का. राजवाड्यांचे १९२६च्या अखेरीस तिथे निधन झाले, आणि लगेच पुढच्या वर्षी त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. घराघरांच्या माळ्यावरची दफ्तरे राजवाड्यांनी गोळा केली. तिकडे जेरुसलेमच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ध्वनिसंग्रहात बेने इस्राएलांची गाणी जपलेली आहेत. इस्राएल म्युझियमने १९९५ साली भारतातल्या ज्यूंवर मोठे प्रदर्शन भरवले तेव्हा कोकणातल्या घरांतल्या वस्तू मानाने मांडल्या गेल्या. कानबाईच्या गाण्यांना धुळ्यात किंवा जळगावात अशी जागा मिळायला अवघड काय आहे?

मूळ गावानेही काही करायचे असते. अलिबागच्या इस्राएल आळीतले मागेन अबोथ सिनेगॉग १८४८ सालचे आहे. पनवेल, पेण, रेवदंडा, ठाणे इथेही सिनेगॉग आहेत. महाराष्ट्रात आता हा समाज काही हजारांवर आला आहे. २०१६ साली राज्य सरकारने ज्यूंना अल्पसंख्याकाचा दर्जा दिला. इस्राएलहून नातवंडांना घेऊन माणसे येतात ती नवगावच्या कबरींपाशी, सागावच्या खडकापाशी, आणि आपल्या आडनावातल्या गावी. तिथे दार उघडणारा, वाट दाखवणारा, तुमचे आजोबा इथे राहत होते असे सांगणारा कुणी असला तर त्या मुलाला मराठी येत नसली तरी गाव कळते. कोकणातल्या गावांनी हे काम बरेच केले आहे; शेजाऱ्यांनी कबरी, सिनेगॉग, बंद घरे सांभाळली. आपल्या खान्देशी गावांत परदेशातून आलेल्या नातवंडांना आपण मॉल दाखवतो आणि विमानात बसवतो. पाटील या आडनावात गाव नाही, तेव्हा ते गाव हाताला धरून दाखवायला हवे: विहीर, मळा, कानबाई जिथे शिरवतात तो नदीचा घाट, आणि ज्या घरी रोट खायला सगळे बसतात ते घर.

येत्या श्रावणात परदेशी असलेल्या लेकाला व्हिडिओवर आरती दाखवण्याआधी, ज्या आजीला जागरणाची गाणी येतात तिच्याजवळ फोन ठेवून ती ध्वनिमुद्रित करावीत, शब्द देवनागरीत लिहून काढावेत, अवघड शब्दाचा अर्थ तिलाच विचारून शेजारी लिहावा आणि त्यातले एक गाणे रोटाचे पहिले ताट वाढण्याआधी सगळ्यांनी म्हणायचे असे घरात ठरवून टाकावे. वहीची एक प्रत धुळ्याच्या राजवाडे मंडळात किंवा जळगावच्या विद्यापीठात नेऊन द्यावी. लेकाला पाठवायच्या प्रतीत अहिराणी ओळीखाली प्रमाण मराठी आणि त्याखाली त्याच्या मुलाला वाचता येईल त्या भाषेत अर्थ लिहावा. पुण्याच्या हग्गादेत हिब्रूशेजारी मराठी छापली होती, ती याच कारणासाठी.